पलीकडे स्वयंपाक चालू आहे

ज्या इमारतीत मी बावीस वर्षं डबा खाल्ला ती बबनअप्पांनी होत्याची नव्हती केली, आणि तरीही त्यांची आठवण आली की मला हसूच येतं. आमच्या घरी हे कुणाला पटत नाही. "ऑफिस पाडणाऱ्याचं इतकं कौतुक?" असं आमचे हे विचारतात. पण त्यांनी अप्पांना काम करताना पाहिलेलं नाही, म्हणून मी ते मनावर घेत नाही.

पिंपरीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून आमच्या कंपनीचं सात मजली ऑफिस होतं. कंपनी हिंजवडीला गेली. लॅपटॉपवाले सगळे कंपनीच्या गाड्यांतून गेले. मी ॲडमिन खात्यातली, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. मला साहेब म्हणाले, "तुम्ही इथलं आवरून या." घरातला माळा आवरायला सांगावा तशा सुरात त्यांनी मला सात मजले आवरायला सांगितले. जागा एका बिल्डरने घेतली होती आणि मोकळा प्लॉट त्याच्या ताब्यात देईपर्यंत कागदोपत्री मी जबाबदार होते.

पाडकामाचे ठेकेदार म्हणून बबनअप्पा आले. पुनावळ्याचे, साठीच्या पुढचे, अंगाने किरकोळ. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाऐवजी वीतभर लांबीची हातोडी. मला वाटलं, मोठ्या ठेकेदाराने पुढे पाठवलेला कुणी म्हातारा असेल. त्यांनी पहिल्या पायरीशी चपला काढल्या, जोडीने नीट ठेवल्या आणि अनवाणी आत आले.

"अहो, चपला घाला. आत काचा आहेत," मी म्हणाले.

"असूंद्या म्याडम. जिला उतरवायची तिच्या अंगावर पहिल्यांदाच पायतानानं कशाला जायाचं?"

'पाडणे' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नाही. ते इमारत 'उतरवायचे'. सातवा उतरवला, आता सहावा घेऊ, असं. त्या दिवशी ते सगळे मजले अनवाणी फिरले. हातोडीने खांबावर दोन टिचक्या मारायच्या, कान लावायचा आणि मान डोलवायची. चौथ्या मजल्यावरच्या एका तुळईपाशी थांबले आणि म्हणाले, "ही सनाच्या आदल्या दिवशी ओतलीय. मिस्तरी गावाला पळायच्या घाईत व्हता." खरंखोटं कोण तपासणार? पण त्या तुळईखाली गेली कित्येक वर्षं पावसाळ्यात बादली ठेवावी लागायची, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सेफ्टी शूज सक्तीचे केले आणि अप्पांनी ते मुकाट्याने घातले. नियमाशी त्यांचं भांडण नव्हतं. फक्त प्रत्येक मजल्यावर पहिलं पाऊल टाकताना बूट काढायचे, नमस्कार करायचा आणि मग पुन्हा नाड्या बांधायच्या. त्यांची तेवीस माणसं तोवर जिन्यात शांत उभी राहायची.

त्यांचा आणखी एक रिवाज होता. ज्या मजल्यावर जो सगळ्यात जास्त वर्षं बसला असेल त्याने तिथे पहिला घाव घालायचा. हिंजवडीहून कुणी यायला तयार नव्हतं, त्यामुळे वरच्या मजल्यांवर अप्पांनीच घाव घातले. तिसऱ्यावर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुमचं टेबल कुठं व्हतं?" मी खिडकीखालची जागा दाखवली. त्यांनी छिन्नी आणि हातोडी माझ्या हातात दिली. मी पदर खोचला, नेम धरला आणि सगळा जीव एकवटून पहिला घाव माझ्याच अंगठ्यावर घातला. अप्पांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "बसला. इमारतीला पोचला." अंगठा पंधरा दिवस निळा होता, पण का कोण जाणे, मनावरचं ओझं कमी झालं. बावीस वर्षांत मी कुठे बसते हे मला दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं.

बिल्डरचे इंजिनियर होते वसेकर. माणूस वाईट नव्हता, फक्त सतत वाटेत असायचा. "वाकडला पोचलोय" असा फोन आला की तास-दीड तास निवांत मिळायचा. आले की ते कंपनं मोजायचं यंत्र घेऊन यायचे. इमारतीच्या समोर रस्ता, त्यावर मेट्रो, मागच्या बाजूला कामगार वसाहतीतली बैठी घरं. धक्का कुठे बसता कामा नये, म्हणून वरून खाली एकेक मजला सुटा करायचा होता. वसेकरांच्या यंत्राच्या जोडीला अप्पांनी आपलं यंत्र लावलं. मागच्या सहाही घरांत जाऊन त्यांनी ओट्यावर काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवला. पाणी सांडलं तर काम बंद.

"तुमच्या घरातला पेला हालनार न्हाई," असा शब्द त्यांनी प्रत्येक घरी दिला. त्यांच्या आजवरच्या कामात शेजाऱ्याचा कधी कपचासुद्धा उडाला नव्हता, आणि याचा त्यांना गर्व म्हणावा इतका अभिमान होता.

पेल्याची योजना निम्म्या घरांत पहिल्याच दिवशी बारगळली. कुणी पाणी पिऊन टाकलं, कुणी त्यात चहा केला. सगळ्यात कडवा विरोध फडकेकाकूंचा. त्यांचं घर आमच्या इमारतीला सगळ्यात जवळचं. "ओट्यावर शिळं पाणी मी ठेवू देणार नाही," त्या म्हणाल्या. तोड अशी निघाली की अप्पांनी रोज सकाळी यायचं, पेला स्वतः घासायचा, ताजं पाणी भरायचं आणि मग काकूंनी चहा करायचा. त्यात कुणाचा फायदा झाला ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग बांगड्यांचं प्रकरण झालं. भिंतीला जुनी चीर असली की अप्पा तिच्यावर काचेच्या बांगडीचा तुकडा आडवा बसवायचे, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा लावून. चीर केसभर जरी रुंदावली तरी काच तडकणार आणि ताबडतोब कळणार. काकूंच्या घरात असे अकरा तुकडे लागले. काकू देवळातून आल्या, भिंतीकडे पाहिलं आणि कडाडल्या.

"सवाष्णीच्या घरात भिंतीवर फुटकी काकणं? आधी उतरवा ती!"

"काकू, फुटकी न्हाईत. कासाराकडनं नव्या कोऱ्या आनल्या न् त्याच्याच हातनं कापून घेतल्या."

"कापली काय नि फुटली काय!"

"मंग तुमीच सांगा काय करायचं. भितीला तर कायतरी घालावंच लागंल."

काकूंनी बराच विचार केला आणि अटी घातल्या. बांगड्या हिरव्याच हव्यात, आणि प्रत्येक तुकड्याला त्या स्वतः हळदकुंकू लावणार. अप्पांनी लाल-निळे तुकडे काढून हिरवे बसवले. वसेकर पाहणीला आले तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "घरात काही कार्य आहे का?"

काकूंचे यजमान फडके सर आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी हातात पट्टी असल्यासारखे बोलायचे. चाकणपर्यंतच्या निम्म्या कारखान्यांतले लोक त्यांच्या हाताखालून गेलेले. अप्पा घरात आले की काकू गप्पा मारायच्या आणि सर मात्र पेपर घेऊन पुढच्या खोलीत जायचे. अप्पांना वाटायचं, आपलं बोलणं त्यांना गावंढळ वाटत असेल.

खरं कारण कळलं ते आम्ही दुसऱ्या मजल्यावर काम करत असताना. त्या सकाळी अप्पा काकूंच्या स्वयंपाकघरात चहा पीत होते. तेव्हाच इकडे आमच्या तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये एक कामगार भिंतीतला लोखंडी कपाटाचा खिळा हातोडीने सोडवत होता. साधी हातोडी, तीही बेताने. पण पेल्यातलं पाणी थरथरलं आणि काकूंच्या मांडणीतल्या ताटल्या वाजल्या. वर सात आणि सहा नंबरचे मजले यंत्राने फोडले तेव्हा जो पेला हलला नव्हता, तो एका खिळ्याने हलला.

अप्पा तडक माझ्याकडे आले.

"म्याडम, रेकॉर्ड रूममदी कवा फोडनीचा वास यायचा का?"

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वास यायचा. रोज यायचा. साडेअकराला कुकरच्या तीन शिट्ट्याही यायच्या आणि त्यावर आमचे अकाउंट्सवाले डबे गरम करायला उठायचे. हे सगळं कँटीनमधून येतं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. कँटीन सहाव्या मजल्यावर होतं. बावीस वर्षांत हा हिशेब एकाही अकाउंटंटच्या डोक्यात आला नव्हता, आणि माझ्याही.

नकाशात दोन्ही वास्तूंमध्ये तीन मीटर मोकळी जागा होती. बाजूने पत्रा ठोकलेला, त्यावर वेल चढलेला, त्यामुळे मागे बोळ आहे असंच सगळ्यांना वाटायचं. वसेकरांनाही. मी कपाटातून जुन्या फायली काढल्या तेव्हा आमची लबाडी आधी सापडली. रेकॉर्ड रूम नकाशात नव्हतीच. फायली मावेनात म्हणून कंपनीने कधीतरी मागची मोकळी जागा पार हद्दीपर्यंत बांधून खाल्ली होती. उरलेलं कोडं सोडवायला अप्पा आणि मी सरांकडे गेलो.

अप्पांनी पाटीवर काढावं तसं फरशीवर बोटाने एक चौकोन काढला, पण तीनच बाजूंचा.

"सर, तुमच्या सैपाकघराची चौथी रेघ कुठाय?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. शेवटी म्हणाले, "तुमच्या कंपनीची भिंत आयतीच उभी होती. आम्ही आमची मागची भिंत काढून तेवढं स्वयंपाकघर वाढवून घेतलं. वर पत्रा टाकला. तिकडे आणखी एक भिंत बांधायची म्हणजे नऊ इंच वाया जाणार होते."

ज्यांनी हजारो मुलांना भिंतीची जाडी काढायला शिकवली त्यांचा चेहरा तेव्हा कॉपी पकडलेल्या मुलासारखा झाला होता. पण खरा स्फोट ओट्यापाशी झाला. काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या वर्षी त्या बाळंतपणाला माहेरी होत्या आणि आल्या त्या थेट मोठ्या स्वयंपाकघरात.

"म्हणजे इतकी वर्षं माझी मांडणी दुसऱ्याच्या भिंतीवर आहे?"

"तांत्रिकदृष्ट्या..." सरांनी सुरुवात केली.

"तांत्रिकदृष्ट्या आज तुम्हाला जेवायला मिळणार नाही," काकू म्हणाल्या.

आता प्रश्न सरळ होता. आमची भिंत गेली की काकूंचं स्वयंपाकघर उघड्यावर येणार होतं, आणि अप्पांनी शब्द दिलेला होता. वसेकरांना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदाच वेळेवर आले.

"अप्पा, बेकायदा किचन आहे ते. आपला काय संबंध? आपली भिंत आपण काढायची. पुढच्या सोमवारी मला प्लॉट क्लिअर हवा. त्यांनी आरडाओरडा केला तर मीच तक्रार देतो."

"आमी भित काढू सायेब. पन कवा काढायची ते तिकडची भित उभी ऱ्हायल्यावर बघू."

"मग मी दुसरी माणसं लावतो. तुमचं नाव आमच्या यादीतून जाईल."

"जाऊंद्या," अप्पा म्हणाले. बिल्डर मोठा होता, पुढची तीन कामं त्याच्याकडूनच मिळायची होती. हे मलाही माहीत होतं आणि वसेकरांनाही.

वसेकर गेल्यावर अप्पा रेकॉर्ड रूममध्ये एका उलट्या बादलीवर बसले. पलीकडे काकू भांडी आपटत होत्या आणि ते भिंतीकडे बघत होते. मी म्हणाले, एका स्वयंपाकघरासाठी एवढं कशाला ताणता?

"आमचं पुनावळ्याचं घर, म्याडम. रस्ता मोठा झाला तवा निम्मं गेलं. जायाचंच व्हतं, त्याचं काय न्हाई. पन मशीनवाल्यानं सांगितलं सोमवारी येतो, न् आला शनवारी. आई भाकऱ्या थापत व्हती. भित गेली न् चूल रस्त्यावर आली. नवी भित घालस्तवर बारा दिस आई समद्या रस्त्यासमोर भाकऱ्या थापीत ऱ्हायली. गाड्यावाले वाकून बघायचे. ती कवा काय बोल्ली न्हाई. पन त्या बारा दिसांत तिनं आमच्यासंगं बसून घास खाल्ला न्हाई. आत कोपऱ्यात जाऊन पाठ करून जेवायची."

थोड्या वेळाने ते हसले. "मंग मी म्हनलं, मशीन लोकांच्या दारात यायचंच असंल तर आपलंच असावं."

मला रडू आलं, हे इथे लिहायला हरकत नाही. अप्पांनी ते पाहिलं आणि माझा अंगठा कसा आहे ते विचारलं.

सोमवार आला. सातही मजले उतरले होते. राडारोडा गेला, सळया गेल्या, जमीन सपाट झाली आणि त्या सपाट प्लॉटच्या मागच्या कडेला बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी एकच भिंत उभी राहिली. अप्पांनी तिला दोन्ही टोकांना लोखंडी टेकू दिले होते. तिच्यावर आमचा कंपनीचा फिकट पिवळा रंग होता आणि 'मोठ्याने बोलू नये' ही पाटी होती. पलीकडून काकू सरांना मोठ्याने बोलत होत्या.

वसेकर पूर्णत्वाचं पत्र घेऊन आले, त्यावर माझी सही हवी होती. 'इमारतीचे पाडकाम पूर्ण झाले आहे' या वाक्याखाली मी माझ्या हाताने लिहिलं : 'एक भिंत शिल्लक. कारण : पलीकडे स्वयंपाक चालू आहे.' खाली सही केली, शिक्का मारला.

"हे काय कारण झालं?" वसेकर म्हणाले.

"खरं आहे ते. वास घेऊन बघा."

"मी तक्रार करणार."

"जरूर करा. फक्त दोन्ही बाजूंची करावी लागेल. ही भिंत ज्या खोलीची होती ती खोलीपण नकाशात नाही. चौकशी लागली तर ती आधी या प्लॉटवर लागेल."

मी हे दमदाटी म्हणून म्हटलं नव्हतं. ॲडमिनमध्ये आयुष्य गेलेल्या बाईला फायलीतलं जे दिसतं ते बोलायची सवय असते. वसेकर बाजूला जाऊन पाऊण तास फोनवर बोलले. मग येऊन म्हणाले, "पंधरा दिवस."

त्या पंधरा दिवसांत त्या भिंतीची कीर्ती झाली. मेट्रोतून माणसं वाकून बघायची. मोकळ्या मैदानात ही एकच भिंत कुणी का राखली असेल, याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला. आठव्या दिवशी तिच्या पायथ्याशी नारळ आणि झेंडूचा हार दिसला. दहाव्या दिवशी एक बाई मला चप्पल काढायला सांगून गेली.

आतल्या बाजूने अप्पांची माणसं नवी भिंत बांधत होती. विटा अप्पांच्या, मजुरी अप्पांची. सरांनी पाकीट काढलं तेव्हा अप्पा म्हणाले, "तुमी नकाशा काढून द्या. चारी रेघांचा." सरांनी रात्रंदिवस खपून असा नकाशा काढला की त्यात काकूंच्या चमच्यांचं स्टँडसुद्धा मापाने होतं. काकूंचे नऊ इंच गेले. त्यांनी त्याबद्दल सरांना क्षमा केली नाही, पण जेवण सुरू केलं. मांडणी अप्पांनी स्वतः लावली. "जरा डावीकडे, आता जरा वर," असं करत काकूंनी त्यांना अर्धा तास खुर्चीवर उभं ठेवलं.

शेवटच्या दिवशी यंत्र नव्हतं. अप्पांनी बूट काढले, भिंतीला नमस्कार केला आणि परांचीवर बसून वरच्या थरापासून एकेक वीट छिन्नीने सोडवायला लागले. आत ओट्यावर पेला भरलेला होता आणि काकूंनी मुद्दाम नेहमीसारखा स्वयंपाक लावला होता. मी आत बसून पेल्यावर नजर ठेवली. बाराच्या सुमाराला पाणी सांडलं. मी ओरडले. बाहेर छिन्नी थांबली आणि अप्पा धावत आत आले, चेहरा पांढरा पडलेला.

"माझं कोपर लागलं," फडके सर म्हणाले.

त्या वेळी अप्पांनी सरांकडे ज्या नजरेने पाहिलं, तेवढी रागाची नजर मी त्यांची त्याआधी कधी पाहिली नव्हती. मग सगळे हसायला लागले, आणि सर सगळ्यात शेवटी.

संध्याकाळी चारपर्यंत शेवटचा थर निघाला. ट्रक भरून गेला, माणसं हातपाय धुवायला गेली. मी रस्त्याच्या कडेला, जिथे आमची पहिली पायरी असायची तिथे उभी होते. आता समोर काहीच नव्हतं, थेट मागच्या घरांपर्यंत दिसत होतं. मला वाटलं होतं, मला फार वाईट वाटेल. मी अप्पांकडे बघत राहिले.

बूट ठेवून पायात चपला सरकवून ते एकटेच त्या मैदानातून चालत नव्या भिंतीपाशी गेले. अजून गिलावा नव्हता, विटा उघड्याच होत्या. त्यांनी खिशातली हातोडी काढली, भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि कान लावला. आतून कुकरची शिट्टी झाली. मग काकूंचा आवाज आला, "कोण आहे?"

"कोनी न्हाई काकू. भित बघतोय."

"मग तिकडून काय बघताय? दारातून या. चहा टाकलाय."

अप्पांनी हातोडी खिशात ठेवली, घराला वळसा घालून ते पुढच्या दाराशी गेले. तिथे त्यांनी पहिल्या दिवशी आमच्या पायरीशी काढल्या होत्या तशाच, जोडीने, नीट चपला काढून ठेवल्या आणि आत गेले. काकूंनी दार लावून घेतलं.